दगडी वखर, एक नग

वैशालीचा अर्ज परत आला तेव्हा त्यावर लाल शाईत एकच ओळ होती: ‘शेतीची अवजारे या योजनेत बसत नाहीत.’

तिनं ती ओळ मला फोनवर वाचून दाखवली आणि मला आधी काही कळेचना. वैशाली तायडे ही माझी जुनी विद्यार्थिनी. कोल्हापूरला तंत्रनिकेतनात मी तीस वर्षं आरेखन शिकवलं, त्यातली तीन वर्षं ही पोरगी पहिल्या बाकावर बसून माझ्या चुका काढत होती. आता ती अकोल्यात स्वतःच शिकवते. तिथल्या जुन्या कापूस बाजारामागे एक दगडी वखार आहे. तिचे वडील त्या वखारीत आधी हमाल होते, मग मुकादम झाले. ती पाडायची ठरली होती. वारसा वास्तू म्हणून तिची नोंद व्हावी यासाठी वैशालीनं अर्ज केला आणि टाइप करणाऱ्यानं ‘वखार’मधला काना खाल्ला. अर्ज गेला तो असा: ‘दगडी वखर, एक नग. स्थिती: जीर्ण. उपयोगात नाही.’

वखर म्हणजे पेरणीआधी रान साफ करायला बैलांमागे जुंपतात ते अवजार. दगडाचा वखर ओढायला कसले बैल लागतील, असा प्रश्न कचेरीत कुणालाही पडला नाही.

मी पोट धरून हसले. वैशाली हसली नाही. मग म्हणाली, “मॅडम, मालकांनी या रविवारपर्यंत थांबायचं कबूल केलंय. सोमवारी सकाळी पाडायचं मशीन येणार. तुम्ही येऊन नकाशे काढून द्याल?”

खरं सांगायचं तर माझी फारशी इच्छा नव्हती. रंकाळा आणि जुना राजवाडा यांच्या शेजारी जन्म काढलेल्या बाईला कापसाच्या गोदामाचं काय कौतुक? शिवाय आमच्याकडे वखार म्हणजे जळणाची. लहानपणी वडिलांबरोबर बंबासाठी ढलप्या आणायला जायचे, तीच माझ्या डोळ्यांपुढची वखार, आणि ती उद्या पाडली तरी मला वाईट वाटणार नाही. पण वैशालीला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. बॅगेत पोलादी टेप टाकला आणि गाडीत बसले.

अकोला, बुधवार आणि गुरुवार

वऱ्हाडातल्या डिसेंबराबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. इकडे उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो एवढंच ऐकलेलं, म्हणून स्वेटर घरी. स्टेशनवर उतरले ती दात वाजवतच. वैशालीच्या वडिलांनी, म्हणजे दादारावांनी, ‘जय भीम’ करून माझी बॅग घेतली आणि अंगावरची शाल काढून माझ्या हातात दिली. पंचाहत्तरी गाठलेला काटक माणूस, उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली. दाबून बांधलेल्या कापसाच्या गठ्ठ्याला इकडे गठाण म्हणतात. तो खांदा गठाणींनी खाली आणलेला आहे.

घरी गोळाभात तयार होता. मोकळ्या भातात डाळीचे खमंग गोळे, वरून लसणाच्या फोडणीचं तेल, सोबत तुरीच्या हिरव्या दाण्यांची आमटी आणि ठेचा. मी कोल्हापूरची, तिखटाचं मला काय सांगता, अशा थाटात मी भाकरीच्या तुकड्यावर चांगला बोटभर ठेचा घेतला. पुढची पाच मिनिटं मी कुणाशी बोलू शकले नाही. वैशालीची आई गुळाचा खडा हातात धरून आधीपासूनच माझ्याजवळ उभी होती.

दुपारी आम्ही वखारीकडे गेलो. बाहेरून दिसली ती फक्त एक लांबलचक काळ्या दगडाची भिंत. एकही खिडकी नाही, नक्षी नाही, नाव नाही. एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला हातगाडी जाईल एवढीच गल्ली. एवढ्यासाठी मी रात्रभर गाडीत अवघडून बसले होते! माझा चेहरा पाहून वैशाली म्हणाली, “मॅडम, आधी आत तर चला.”

दाराशी उजव्या हाताला, कोपराच्या उंचीवर, भिंतीत एक कोनाडा होता. दादारावांनी खिशातून आगपेटी आणि न फोडलेलं बिडीबंडल काढून त्यात ठेवलं, चपला काढल्या आणि मगच कुलपाला हात लावला. मीही चपला काढल्या आणि वहीत टिपून ठेवलं: ‘लोक देवळासारखा मान देतात.’ तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या टेपकडे गेलं.

“ताई, थो टेप बाहेर ठेवा.”

“का हो?”

“लोखंड हाये. फरशीवर घासलं का ठिनगी पडते.”

“अहो, पण आत कापूस कुठंय? चाळीस वर्षं वखार रिकामी आहे ना?”

“कापूस नाई म्हनून नेम मोडाचा का?” ते शांतपणे म्हणाले, आणि दारात तसेच उभे राहिले. शेवटी वैशाली गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या टेलरकडून कापडी टेप मागून घेऊन आली. तीस वर्षं मोजमापाची शिस्त शिकवणाऱ्या बाईनं एवढी मोठी वखार ब्लाउजचं माप घ्यायच्या टेपनं मोजली, हे कोल्हापुरात कुणाला कळू नये अशी माझी फार इच्छा होती. पण लिहायला बसलं की लपवता येत नाही.

आत पाऊल टाकलं आणि मी वही उघडायचंच विसरले. माझ्या बाबतीत हे फार क्वचित घडतं. बाहेर ऊन होतं, रिक्षांचा गोंगाट होता. आत गारवा होता आणि इतकी शांतता की माझाच श्वास मला ऐकू येत होता. पार वर, छपराला टेकून, छोट्या झरोक्यांची एक ओळ, आणि त्यातून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या समोरच्या भिंतीवर उतरलेल्या. मधे एकही खांब नाही. एवढं थोरलं छप्पर नुसत्या सागवानी तुळयांच्या त्रिकोणी कैच्यांवर तोललेलं. मी मान वर करून फिरत राहिले, मान दुखायला लागली तरी फिरत राहिले.

मग दादाराव एकेक गोष्ट दाखवायला लागले. त्या सबंध छपरात लोखंडाचा एक खिळा नाही. सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. दाराच्या बिजागऱ्या पितळी, कारण पितळेची ठिणगी उडत नाही. झरोके फक्त गल्लीच्या बाजूला, रुळांच्या बाजूला एकही नाही, कारण पूर्वी इंजिनाच्या धुराबरोबर निखारे उडायचे. तरी त्या झरोक्यांना तांब्याची बारीक जाळी. चपला बाहेर, कारण पूर्वी जोड्यांच्या तळाला नाल असायची. या वखारीत कधीही आग लागलेली नाही. लागू शकेल अशी एकही वाट बांधणाऱ्यानं ठेवली नव्हती, आणि जी राहिली असेल ती वावरणाऱ्यांनी बुजवली होती. मी वहीतली देवळाची ओळ गुपचूप खोडली.

तरीही एक चूक करायचीच राहिली होती. गल्लीच्या बाजूच्या भिंतीत, डोक्यापेक्षा थोडे उंच, सारख्या अंतरावर बारा कोनाडे होते. प्रत्येकाला समोरून जाड काच, चुन्यात कायमची बसवलेली. काचा काजळीनं काळ्या. मी नकाशावर बारा चौकोन काढले आणि शेजारी लिहिलं, ‘देवाचे कोनाडे.’

दादाराव माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. ते इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. “देव कायचा जी! दिवा व्हय थो, दिवा!”

“मग काच बंद का? दिवा लावायचा कसा?”

“बाहेरून. गल्लीतून. तिकून बारकं दार हाये पाहा एकेकाले. दिवा बाहेरचा, उजेड आतला.”

मी गल्लीत धावत गेले. खरंच, भिंतीच्या काळ्या दगडात बारा लहान लाकडी दारं होती, इतकी मुरलेली की मघाशी माझ्या डोळ्यांना दिसलीच नव्हती. एक उघडून पाहिलं. आत हातभर खोल पोकळी, धूर बाहेर काढायला वर तिरपी नळी, आणि टोकाला ती काच. आगीला भिंतीच्या बाहेर उभं करून तिच्याकडून फक्त उजेड घेतला होता. असली युक्ती मी आजवर पाहिली नव्हती. मी तिथंच गल्लीत, कुणाच्या तरी सायकलीला टेकून, बराच वेळ उभी राहिले.

“तेल किती लागायचं? वात केवढी?” मी परत येऊन विचारलं.

“मले काय माईत?” दादाराव म्हणाले. “मी आतला मानूस. दिव्याले माया हात कदी लागलाच नाई. थे पारबताबाईले माईत. चौकीदाराची बायको. वीस वरसं तिनंच लावले. दिवा लावला का काचेवर बोटानं टकटक करे. आमी गठान खांद्यावर घेऊन आयको. बारा डाव टकटक झाली का समजाचं, सांज झाली.”

पारबताबाई आता तेल्हाऱ्याला लेकाकडे असतात, असंही ते म्हणाले.

गुरुवारी मालक आले. मोहनशेट, साठीचे, अंगावर पांढरा शर्ट, बोलायला मोकळे. दारातूनच बोलले, आत आले नाहीत. या जागेवर त्यांना लग्नाचं लॉन करायचं आहे. मी मोठ्या उत्साहानं खुंट्या, बिजागऱ्या, झरोके सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “मॅडम, पितळ भंगारात चांगलं जातं,” एवढंच म्हणाले. मग जरा नरमले. “असं बघा, आमच्या आजोबांचं काम आहे, मलाही आनंद नाही पाडायचा. पण लोक विचारतात, महत्त्व काय याचं? कोणी मोठा माणूस इथं येऊन गेला? सभा झाली? एका ओळीत महत्त्व सांगा, मी अर्जावर मालक म्हणून संमतीची सही करतो. नाही तर सोमवारी मशीन येणारच आहे.”

अमरावती, शुक्रवार

नवा अर्ज अमरावतीच्या कचेरीतून आणायचा होता. काम दहा मिनिटांचं, पण संबंधित बाई जेवायला गेल्या होत्या, म्हणून वैशालीनं मला गिला वडा खायला नेलं. दह्यात बुडवलेला वडा, वर आंबटगोड आणि तिखट असं दोन्ही. गिला म्हणजे ओला, त्यामुळे नावावरून मला आजारी माणसाचं पथ्य असेल असं वाटलं होतं. दोन खाल्ले. तिसरा वैशालीनं सोडला होता, तो वाया जाऊ नये म्हणून खाल्ला.

कचेरीबाहेर झाडाखाली टायपिंगवाला बसतो. तोच तो काना खाणारा. मी त्याच्यासमोर उभी राहून म्हटलं, “वखार. व, खा, र. काना द्या.”

त्यानं मान वर केली. “मॅडम, वखर आमी जन्मापासून पाहून राहिलो. वखार कोनी पाह्यली? आमी गोदामच म्हनतो.” आणि मग उदारपणे, “देतो काना. एक काय, दोन देतो.”

नव्या अर्जात ‘महत्त्व’ असा एक रकाना होता. दोन ओळींची जागा. परतीच्या बसमध्ये मी पेन घेऊन बसले. दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची रानं, बोंडं उमललेली, बायका ओटीला फडकं बांधून कापूस वेचत होत्या. मी लिहिलं, ‘बांधकाम वैशिष्ट्यपूर्ण.’ खोडलं. लिहिलं, ‘कापूस व्यापाराची साक्ष.’ असलं वाक्य माझ्या विद्यार्थ्यानं लिहिलं असतं तर मी वही भिरकावली असती. अकोला येईपर्यंत रकाना कोराच होता. खिळे नाहीत, लोखंड नाही, आग नाही: या वखारीची सगळी थोरवी काय नाही यातच होती, आणि अर्जाला काय आहे ते हवं होतं.

तेल्हारा, शनिवार

दादाराव आणि मी सकाळच्या एसटीनं निघालो. वाटेत पूर्णा ओलांडली. हा सगळा खारपाणपट्टा. एका टपरीवर चहा घेतला तर तो चक्क खारट. मी दादारावांकडे पाहिलं. “साखर वाढवून काई फायदा नाई, ताई. पानीच खारं हाये,” ते म्हणाले आणि बशीतून भुरका मारला. तेल्हारा आलं तसा उत्तरेला सातपुडा दिसायला लागला, निळसर, लांबच लांब.

पारबताबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. ऐंशी कधीच ओलांडलेल्या, पाठीत वाकलेल्या, पण डोळे लख्ख. दादारावांना त्यांनी ओळखलं नाही. नाव सांगितलं तेव्हा म्हणाल्या, “मुकादम व्हय तू? तुयं तोंड म्या कवा पाह्यलं? तुमी आतले.”

दिव्यांचं विचारताच त्यांनी सगळं सांगितलं. घासलेट किती, वात किती कापायची, वारा असला की कुठल्या कोनाड्यात दिवा मागं सारायचा. हातवारे असे करत होत्या की ते बारा दिवे समोर ठेवले आहेत. मी भराभरा लिहून घेत होते. मग सहज विचारलं, “आणि आतून कसं दिसायचं हो? उजेड पुरायचा?”

त्यांचा हात शेंगेवर थांबला.

“मले काय माईत, बाई? मी आतमंदी कदी गेलीच नाई.”

“कधीच नाही?”

“ज्याचा हात आगीले लागला, त्यानं त्या दिवशी आत जायचं नाई. नेम होता. अन् माया हात त रोजच लागे.”

मी जरा आडपडदा न ठेवता विचारलं, “की दुसरं काही कारण होतं? जातबीत?”

“नाई वं. नेम साऱ्याईलेच होता. मालकाचा मोहन सिगारेट पेऊन आला होता, त्यालेबी दारातून वापस लावलं होतं. विचार याले.”

दादाराव मान खाली घालून हसले. “मीनंच लावलं होतं. मालकाच्या पोराले.”

वीस वर्षं ही बाई रोज संध्याकाळी वखारीत उजेड करत होती आणि वीस वर्षं तो उजेड तिनं पाहिला नव्हता. मी हे मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं, तरी पटेना.

“दार लावलं का उजेड आत जाये अन् मी गल्लीत अंधारात,” पारबताबाई म्हणाल्या. “बारा डाव टकटक करो मी. वाटे, आतून कोनी तरी एकडाव करन. कोनी केली नाई.” मग शेंगा बाजूला सारून सरळ दादारावांना विचारलं, “पाडतेत म्हनते. काहून पाडून राहिले? पाडाच्या आधी मले एकडाव आतून दाखवान का?”

मी काही बोलायच्या आत दादाराव म्हणाले, “उद्याच या.”

पुन्हा अकोला, रविवार

सकाळपासून वैशाली आणि मी काचा पुसत होतो. बारापैकी सात शाबूत निघाल्या. काजळी निघता निघेना. माझी नखं अजून काळी आहेत. सात पणत्या आणि गोडंतेल आणलं. मोहनशेटना पाच वाजता बोलावलं होतं. ते म्हणाले होते, येतो, पण सही धरून चालू नका. अर्ज माझ्या पर्समध्ये होता, रकाना कोरा.

पारबताबाई लेकाबरोबर जीपनं आल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. दाराशी आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. स्वतःचे दोन्ही हात नाकाशी नेऊन हुंगले आणि मग दादारावांच्या पुढे धरले.

“आज पहाटपासून चुलीजवय गेली नाई मी. चहाबी सुनेनं केला. येऊ का?”

दादारावांनी एकदा मान हलवली आणि बाजूला झाले. ऐंशी ओलांडलेली बाई उजवा पाय आधी टाकून आत गेली. मला डोळ्यांतलं पाणी पुसावं लागलं, आणि मी ते काजळीच्या बोटांनी पुसलं, त्यामुळे पुढचा सगळा वेळ मी कशी दिसत होते हे वैशालीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तेवढ्यात मोहनशेट आले. घाईत होते. फोनवर बोलतच दारापर्यंत आले, आत पाऊल टाकणार तोच दादाराव समोर दिसले. नुसते उभे होते. मोहनशेट थबकले. त्यांनी फोन बंद केला. खिशातून सिगारेटचं न फोडलेलं पाकीट आणि लायटर काढून कोनाड्यात ठेवला, फोनही ठेवला, खाली वाकून बूट सोडले. मग आत आले. साठीचा माणूस त्या दारातून आत येताना अठरा वर्षांच्या पोरासारखा अवघडला होता.

ऊन उतरलं. झरोक्यातल्या पट्ट्या फिकट झाल्या आणि गेल्या. आता दिवे कुणी लावायचे? वैशाली पुढे झाली.

“तू थांब,” दादाराव म्हणाले. “मी लावतो.” पणत्यांचं ताट घेऊन ते गल्लीकडे गेले. ज्या भिंतीच्या आत त्यांनी तरुणपण काढलं तिच्या बाहेरच्या बाजूला ते पहिल्यांदाच कामाला लागले.

आम्ही अंधारात उभे होतो. बराच वेळ काही झालं नाही. पारबताबाई पुटपुटल्या, “वारा लागत असन. दिवा मागं सार म्हना त्याले.”

आणि पहिली काच उजळली. पाठोपाठ त्या काचेवर, बाहेरून, टकटक.

मग दुसरी. टकटक. तिसरी. प्रत्येक उजेड जाड काचेतून पसरत समोरच्या भिंतीपर्यंत जात होता, आणि वरच्या सागवानी कैच्या एकामागून एक अंधारातून बाहेर येत होत्या. मी दोन दिवस ते छप्पर मोजत होते, पण ते मी पाहिलं त्या संध्याकाळी. सात पणत्या! आमच्या घरी दिवाळीला उंबऱ्यावर याहून जास्त असतात. त्या सातांनी एवढी मोठी वखार भरली. बारा दिवे लागत असतील तेव्हा इथं काय दिसत असेल?

पारबताबाई वखारीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. हळूहळू स्वतःभोवती फिरल्या. फरशी, भिंत, छप्पर सगळं पाहिलं. मग माझ्याकडे वळून अगदी लहान आवाजात म्हणाल्या, “एवढा उजेड माया हातचा व्हय का वं?”

मोहनशेट म्हणाले, “हो, मावशी.”

“मले वाटे, आतबी अंधारच असन.”

थोड्या वेळानं मोहनशेट म्हणाले, “दादारावांना बोलवा ना आत. त्यांनी पाहिलं नाही का?” वैशाली गेली आणि एकटीच परत आली.

“बाबा येत नाहीत. म्हणतात, माया हात आगीले लागला, आज मी आत येत नाई. तुमी पाहा.”

मोहनशेट भिंतीकडे पाहत होते. मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. “मॅडम, अर्ज द्या. फोन बाहेर कोनाड्यात राहिला, नाही तर मशीनवाल्याला आत्ताच नको म्हणून सांगितलं असतं.”

“महत्त्वाचा रकाना भरायचा राहिलाय,” मी म्हटलं.

“मग भरा. मी थांबतो.”

एका पणतीच्या काचेखाली भिंतीला कागद टेकवून मी लिहिलं: ‘ज्याचा हात आगीला लागला तो त्या दिवशी आत येत नाही. हा नेम आजही पाळला जातो.’ बरोब्बर दोन ओळी झाल्या. खाली टायपिंगवाल्यानं जुन्यावरून उतरवलेलं ‘उपयोगात नाही’ होतं, त्यातलं ‘नाही’ खोडून ‘आहे’ केलं. मोहनशेटनी वाचलं आणि तिथंच सही केली.

पारबताबाईंचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या शेवटच्या काचेपाशी गेल्या होत्या. टाचा उंचावून, भिंतीचा आधार घेत त्यांनी हात वर केला आणि त्या काचेवर आतून बोटानं वाजवलं. टकटक.

क्षणभर काहीच नाही. मग बाहेरून, गल्लीतल्या अंधारातून, दादारावांनी उत्तर दिलं.